विश्लेषण : कुंपणानेच शेत खाल्ले तर? क्लाऊडमधील ‘खोट्या इंटरप्ट’चा प्रश्न काय?

बँका, रुग्णालये, शासकीय पोर्टल यांची कामे आता अनेकदा भाड्याच्या संगणकांवर चालतात. हा भाड्याचा संगणक म्हणजे स्वतंत्र यंत्र नसते, तर मोठ्या सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरने उभी केलेली ‘व्हर्च्युअल मशीन’ असते. बाहेर काही घडले की या मशीनला त्याची खबर देणारा संकेत म्हणजे इंटरप्ट. तो हरवला तर मशीन अडकते. तो कोणी मुद्दाम खोटा पाठवला तर पासवर्डची तपासणीही उलटवता येते, हे २०२४ मध्ये झुरिचच्या संशोधकांनी दाखवून दिले. ही व्यवस्था कशी चालते, ती कुठे फसली आणि तिची दुरुस्ती कशी झाली, याविषयी…

इंटरप्ट म्हणजे काय?

फोनवर व्हिडीओ पाहताना कॉल आला की व्हिडीओ थांबतो, कॉल संपला की जिथे थांबला होता तिथूनच पुढे सुरू होतो. संगणकाचा प्रोसेसर सेकंदाला अनेकदा हेच करत असतो. डिस्कवरून माहिती आली का, नेटवर्क कार्डावर काही आले का, कळफलकावरची कळ दाबली गेली का, हे प्रोसेसर सतत विचारत बसला तर त्याचा सगळा वेळ चौकशीतच जाईल. म्हणून काम झाले की उपकरणच प्रोसेसरला संकेत देते. प्रोसेसर हातातले काम बाजूला ठेवतो, कुठपर्यंत आलो होतो याची नोंद करतो, त्या संकेतासाठी ठरवून दिलेला कार्यक्रम चालवतो आणि मूळ कामाकडे परततो.

इंटेल आणि एएमडीच्या प्रोसेसरमध्ये अशा संकेतांना ० ते २५५ असे २५६ क्रमांक आहेत. पहिले ३२ क्रमांक प्रोसेसरच्या स्वतःच्या अडचणींसाठी राखून ठेवलेले असतात. शून्याने भागाकार झाला तर क्रमांक ०, मेमरीचे हवे ते पान जागेवर नसेल तर क्रमांक १४. उरलेले क्रमांक उपकरणांसाठी आणि ऑपरेटिंग सिस्टीमच्या कामांसाठी. कोणता क्रमांक आला की कोणता कार्यक्रम चालवायचा, याचा तक्ता ऑपरेटिंग सिस्टीम आधीच तयार ठेवते.

यातल्या दोन गोष्टी पुढच्या सगळ्या प्रकरणात महत्त्वाच्या आहेत. ज्या प्रोग्रॅमला मध्येच थांबवले, त्याला आपण थांबलो होतो हे कळत नाही. आणि इंटरप्ट हाताळणारा कार्यक्रम ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, पूर्ण अधिकारांनिशी चालतो. संकेत कोणी पाठवला हे विचारण्याची पद्धत मुळात नव्हती. संकेत तारेवरून आला आहे म्हणजे उपकरणानेच पाठवला असणार, हे गृहीतच होते. १९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये ‘८२५९’ नावाची आठ तारांची चिप हे काम करत असे. तिथे हे गृहीतक बरोबर होते.

व्हर्च्युअल मशीनमध्ये संकेत कोण देते?

व्हर्च्युअल मशीनमध्ये तारा नसतात. एका सर्व्हरवर अशा अनेक मशीन एकाच वेळी चालतात आणि त्यांच्यावर देखरेख ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरला हायपरव्हायजर म्हणतात. आतल्या ऑपरेटिंग सिस्टीमला ‘गेस्ट’, म्हणजे पाहुणी, म्हटले जाते. गेस्टला वाटते की आपल्याकडे स्वतःची डिस्क, नेटवर्क कार्ड आणि इंटरप्टची चिप आहे. प्रत्यक्षात हे सगळे सॉफ्टवेअरने वठवलेले सोंग असते.

या क्षेत्रातले एक प्रमुख मुक्त सॉफ्टवेअर म्हणजे क्यूएमयू. फ्रेंच प्रोग्रॅमर फाब्रिस बेलार यांनी ते २००३ मध्ये आणले. त्याच सुमारास केंब्रिज विद्यापीठातून झेन हा हायपरव्हायजर पुढे आला. २००७ मध्ये लिनक्सच्या कर्नेलमध्येच केव्हीएम ही सोय आली आणि क्यूएमयू व केव्हीएम ही जोडी क्लाऊड व्यवसायाच्या पायाशी जाऊन बसली. क्यूएमयूमधले एक प्रचलित आभासी यंत्र आजही १९९६ च्या इंटेल चिपसेटची नक्कल करते. ‘८२५९’चीही नक्कल त्यात आहे. जुन्या ऑपरेटिंग सिस्टीम न बदलता चालाव्यात, यासाठी हा खटाटोप.

गृहनिर्माण सोसायटीतल्या इंटरकॉमशी याची तुलना करता येईल. फ्लॅटमधल्या माणसाला फाटकावर कोण आले हे दिसत नाही. वॉचमन इंटरकॉमवर सांगेल तेच खरे. व्हर्च्युअल मशीनमध्ये हायपरव्हायजर हा तो वॉचमन आहे. गेस्टला मिळणारा बाहेरचा प्रत्येक इंटरप्ट हा प्रत्यक्षात हायपरव्हायजरने दिलेला निरोप असतो.

निरोप हरवला तर काय होते?

सुरुवातीच्या काळातल्या दुरुस्त्या बहुतांशी याच प्रश्नाभोवती होत्या. निरोप हरवता कामा नये, दोनदा जाता कामा नये आणि गेस्टने काही क्षणांसाठी इंटरप्ट बंद ठेवले असतील तर तेवढा वेळ थांबून मग पोहोचला पाहिजे. ऐकायला सोपे वाटणारे हे नियम पाळणे अवघड ठरले.

एक अडचण संकेतांच्या दोन प्रकारांमुळे येते. एक प्रकार दाराच्या बेलसारखा. बटण दाबले, आवाज झाला, संपले. दुसरा प्रकार रुग्णालयातल्या खाटेजवळच्या लाल दिव्यासारखा. परिचारिका येऊन रुग्णाची गरज भागवेपर्यंत दिवा लागलेलाच राहतो. या दुसऱ्या प्रकारात गेस्टने ‘काम झाले’ असे कळवल्यावर हायपरव्हायजरने दिवा अजून लागलेला आहे का, हे पुन्हा पाहावे लागते. ते पाहायचे राहिले तर उपकरण वाट पाहत बसते, गेस्टला वाटते काही कामच नाही आणि आभासी डिस्क किंवा नेटवर्क गोठून जाते. यासाठी केव्हीएममध्ये गेस्टची पोच मिळताच तार पुन्हा तपासण्याची वेगळी सोय करावी लागली.

दुसरे उदाहरण घड्याळाचे. विंडोज सर्वसाधारणपणे सेकंदाला ६४ वेळा येणाऱ्या इंटरप्टवर वेळ मोजत असे. सर्व्हरवर गर्दी झाली की एखाद्या व्हर्च्युअल मशीनला काही क्षण प्रोसेसर मिळत नाही आणि तेवढ्या वेळात आलेले टोले एकमेकांत मिसळून एकच होतात. सेकंदाला एकच टोला हरवला तरी तासाभरात आतले घड्याळ सुमारे ५६ सेकंद मागे पडते. व्यवहारांच्या वेळा नोंदवणाऱ्या प्रणालीसाठी हा मोठा घोळ आहे. चुकलेले टोले मोजून ठेवायचे आणि नंतर हळूहळू भरून द्यायचे, असा पर्याय क्यूएमयूमध्ये त्यासाठी आणला गेला.

हार्डवेअरची मदत का घ्यावी लागली?

निरोप पोहोचवण्यासाठी पूर्वी प्रत्येक वेळी गेस्टला थांबवावे लागे. प्रोसेसरचा ताबा हायपरव्हायजरकडे जाई, तो इंटरप्टचा क्रमांक ठरलेल्या जागी लिही आणि मग गेस्ट पुन्हा सुरू होई. ‘काम झाले’ असे गेस्टने कळवले की पुन्हा तीच ये-जा. नेटवर्कवरून सेकंदाला हजारो पाकिटे येत असतील तर या ये-जेतच प्रोसेसरचा बराच वेळ जातो.

इंटेलने २०१३ मधल्या सर्व्हर प्रोसेसरमध्ये इंटरप्ट चिपचे बरेचसे काम हार्डवेअरमध्येच घेतले. एएमडीनेही ‘एव्हिक’ नावाने तशीच सोय केली. आता हायपरव्हायजर मेमरीतल्या २५६ खणांच्या एका नोंदीत खूण करतो आणि चालू असलेल्या गेस्टला न थांबवता प्रोसेसर ती खूण उचलून निरोप आत पोहोचवतो. वेग वाढला. पण निरोप कोणता द्यायचा हे ठरवण्याचा अधिकार हायपरव्हायजरकडेच राहिला. त्याच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे तेव्हा कोणाला कारणही नव्हते. शंका होती ती गेस्टबद्दल.

२०१४ मध्ये क्लाऊड सर्व्हर का बंद करावे लागले?

गेस्टबद्दलची ती शंका किती रास्त होती, हे सप्टेंबर २०१४ च्या अखेरच्या आठवड्यात दिसले. ॲमेझॉनने आपल्या क्लाऊडमधल्या काही सर्व्हरना बंद करून पुन्हा सुरू करावे लागेल, असे ग्राहकांना कळवले. हे प्रमाण एकूण ताफ्याच्या १० टक्क्यांहून कमी असल्याचे कंपनीने सांगितले. रॅकस्पेस या दुसऱ्या मोठ्या कंपनीलाही तेच करावे लागले. कारण मात्र तेव्हा सांगितले गेले नाही.

ते १ ऑक्टोबरला उघड झाले. झेन हायपरव्हायजरमध्ये इंटरप्ट चिपची नक्कल करणाऱ्या भागात एक चूक होती. नव्या पद्धतीच्या इंटरप्ट चिपसाठी २५६ नोंदवह्यांची जागा ठरलेली आहे. झेनमधला कार्यक्रम मात्र १०२४ नोंदवह्या वाचू देत होता. त्यासाठी मेमरीचे एकच पान राखलेले होते. त्यामुळे गेस्टने २५६ च्या पुढची नोंदवही मागितली की हायपरव्हायजर त्या पानाच्या पलीकडची मेमरी वाचायला जाई. तिथे शेजारच्या ग्राहकाची किंवा खुद्द हायपरव्हायजरची माहिती असू शकत होती. सर्व्हर कोसळण्याचीही शक्यता होती. सुसे कंपनीचे यान बॉयलिश यांनी ही चूक शोधली होती.

दुरुस्ती मोजक्या बदलांची होती, पण हायपरव्हायजर बदलायचा तर त्याच्यावर चालणाऱ्या मशीन तेव्हा बंद कराव्या लागत होत्या. शिवाय हे सगळे चूक जाहीर होण्याच्या आधी उरकायचे होते, नाहीतर हल्लेखोरांना आयताच रस्ता मिळाला असता. म्हणून ग्राहकांना कारण न सांगता ही घाई करावी लागली. त्या वेळचा विचार असा होता : भाडेकरू कदाचित लबाड असेल, इमारतीचा मालक भरवशाचा आहे. पुढच्या दहा वर्षांत हे समीकरण उलटले.

मालकावरच अविश्वास का?

संवेदनशील माहिती क्लाऊडवर जाऊ लागली तसा ग्राहकांपुढे प्रश्न उभा राहिला. क्लाऊड कंपनीतल्या एखाद्या कर्मचाऱ्याने किंवा हायपरव्हायजरमध्ये शिरलेल्या हल्लेखोराने आपली मेमरी वाचली तर? हायपरव्हायजरला सगळ्या गेस्टची मेमरी उघडीच असते. यावर ‘कॉन्फिडेन्शियल कम्प्युटिंग’ हा उपाय पुढे आला. व्हर्च्युअल मशीनची मेमरी प्रोसेसरच कुलूपबंद करतो आणि किल्ली हायपरव्हायजरला मिळत नाही. एएमडीचे एसईव्ही-एसएनपी हे तंत्र २०२१ च्या सर्व्हर प्रोसेसरमध्ये आले. इंटेलचे टीडीएक्स २०२३ पासून मिळू लागले.

या मशीनमध्ये हायपरव्हायजर हा विश्वासू व्यवस्थापक न राहता संशयित ठरतो. त्याला मेमरी वाचता येत नाही, परस्पर बदलताही येत नाही. पण मशीन चालवायची तर बाहेरच्या जगाची खबर आत द्यावीच लागते आणि ती देणारा तोच आहे. तिजोरीला कुलूप लागले, पण इंटरकॉम वॉचमनच्याच हातात राहिला. झुरिचच्या संशोधकांनी नेमके हेच हेरले.

‘हेकलर’ हल्ला नेमका कसा होता?

स्वित्झर्लंडमधल्या ईटीएच झुरिच या संस्थेतल्या श्वेता शिंदे यांच्या संशोधन गटाने एप्रिल २०२४ मध्ये दोन हल्ले जाहीर केले. पहिल्याचे नाव ‘हेकलर’, म्हणजे भर सभेत मध्येच ओरडून वक्त्याचा तोल घालवणारा. त्यात एएमडी आणि इंटेल दोघांचीही सुरक्षित मशीन सापडली.

हा हल्ला क्रमांक १२८ वर बेतलेला आहे. लिनक्समध्ये ३२ बिटच्या जुन्या प्रोग्रॅमना कर्नेलकडून काही काम करून घ्यायचे असेल तर ते हा क्रमांक वापरतात. हा इंटरप्ट उपकरणाचा नाही. प्रोग्रॅम तो स्वतःहून घडवून आणतो. कोणते काम हवे त्याचा आकडा प्रोग्रॅम प्रोसेसरच्या एका विशिष्ट रजिस्टरमध्ये ठेवतो. कर्नेल ते काम करतो आणि उत्तर त्याच रजिस्टरमध्ये टाकून देतो.

आता हाच क्रमांक हायपरव्हायजरने बाहेरून घातला तर? बिचाऱ्या प्रोग्रॅमने काहीच मागितलेले नाही, पण कर्नेलला वाटते मागणी आली. तो रजिस्टरमध्ये त्या क्षणी जो आकडा असेल तो मागणी म्हणून वाचतो आणि परतताना त्यावर स्वतःचे उत्तर लिहितो. प्रोग्रॅमला आपण थांबलो होतो याचाही पत्ता नसतो. त्याच्या दृष्टीने रजिस्टरमधला आकडा आपोआप बदललेला असतो.

पासवर्ड तपासणाऱ्या भागाचे उत्तरही याच रजिस्टरमधून येते. शून्य म्हणजे पासवर्ड चुकला, शून्य नसेल तर बरोबर. चुकीचा पासवर्ड दिल्यावर उत्तर शून्य आले आणि ते वाचले जाण्याआधीच १२८ क्रमांकाचा इंटरप्ट घातला, तर शून्याच्या जागी दुसराच आकडा येतो आणि दार उघडते. दूरच्या सर्व्हरवर लॉगिन करण्यासाठी वापरले जाणारे ओपनएसएसएच आणि प्रशासकाचे अधिकार देणारे सुडो, या दोन्ही प्रोग्रॅमवर संशोधकांनी हे करून दाखवले. नेमका क्षण साधण्यासाठी मेमरीतला मजकूर वाचण्याची गरजच पडली नाही. गेस्ट मेमरीच्या कोणत्या पानाकडे कधी वळतो, एवढे हायपरव्हायजरला दिसते आणि तेवढे पुरेसे ठरले.

‘वीसी’ हल्ल्याने काय साधले?

दुसरा हल्ला ‘वीसी’ हा फक्त एएमडीच्या तंत्रावरचा होता. कुलूपबंद मशीनमध्ये काही कामे हायपरव्हायजरच्या मदतीशिवाय होत नाहीत. अशी वेळ आली की प्रोसेसर गेस्टलाच क्रमांक २९ चा संकेत देतो. मग गेस्टमधला कार्यक्रम आवश्यक तेवढीच माहिती सामायिक मेमरीत ठेवतो, हायपरव्हायजरचे उत्तर घेतो आणि रजिस्टरमध्ये भरतो. कुलूपबंद घराची ही एकमेव खिडकी.

हा क्रमांक २९ हायपरव्हायजरला बाहेरूनही घालता येतो, असे संशोधकांच्या लक्षात आले. प्रोसेसरने न मागितलेली देवाणघेवाण मग हायपरव्हायजरच्या मर्जीने सुरू होते. गेस्ट आपल्या हाताने रजिस्टरमधली माहिती बाहेर ठेवतो आणि बाहेरची माहिती आत घेतो. थोडी थोडी माहिती अशी काढत आणि घालत संशोधकांनी वेब सर्व्हरच्या सुरक्षित जोडणीच्या किल्ल्या मिळवल्या, फायरवॉलचे नियम बदलले आणि शेवटी मशीनचे सर्वोच्च अधिकार हाती घेतले. कुलूप कुठेही फोडले गेले नाही. आतल्या माणसालाच फसवून दार उघडून घेतले गेले.

दुरुस्ती कशी झाली?

संशोधकांनी कंपन्यांना आणि लिनक्सच्या विकासकांना आधीच कळवले होते. त्यामुळे क्रमांक १२८ वरची दुरुस्ती डिसेंबर २०२३ मध्ये, म्हणजे हल्ला जाहीर होण्याच्या काही महिने आधीच लिनक्समध्ये दाखल झाली. पहिला उपाय सरळ होता : सुरक्षित मशीनमध्ये ३२ बिटच्या जुन्या प्रोग्रॅमची सोय मुळातच बंद ठेवायची. क्रमांक १२८ चे दारच नसेल तर ते ठोठावणार कोण?

दुसरा उपाय जास्त नेमका होता. इंटरप्ट बाहेरून आला असेल तर आभासी इंटरप्ट चिपच्या नोंदवहीत त्या क्रमांकापुढे खूण होते. प्रोग्रॅमने स्वतःहून केलेल्या मागणीत ती होत नाही. म्हणून कर्नेल आता आधी ती खूण पाहतो. ती सापडली तर मशीन तिथल्या तिथे थांबवली जाते. चालू काम बुडाले तरी चालेल, पण फसवले गेलेले मशीन पुढे चालता कामा नये, हा त्यामागचा विचार.

पण ही तपासणी ज्या नोंदवहीवर टेकली आहे ती कोणाच्या हातात आहे? इंटेलच्या टीडीएक्समध्ये ती प्रोसेसरच्या संरक्षणाखाली असते आणि हायपरव्हायजरला बदलता येत नाही. तिथे तपासणी विश्वासार्ह ठरली आणि जुन्या प्रोग्रॅमची सोय पुन्हा सुरू करता आली. एएमडीच्या तंत्रात ती नोंदवही तेव्हा हायपरव्हायजरच सांभाळत असे. चोराच्या हातातली वही पाहून चोरी झाली की नाही हे ठरवता येत नाही. म्हणून तिथे ती सोय बंद ठेवण्याचा पहिला उपायच कायम राहिला. एकाच दोषावर दोन कंपन्यांसाठी दोन वेगळी उत्तरे द्यावी लागली ती यामुळे.

‘वीसी’वर उपाय म्हणून क्रमांक २९ चा संकेत आला की तो ज्या सूचनेमुळे आल्याचे सांगितले जाते, ती सूचना खरोखर त्या जागी आहे का हे कर्नेल पडताळू लागला. या दुरुस्तीच्या शीर्षकातच ती संरक्षण ‘काहीसे’ मजबूत करते, असे विकासकांनी लिहून ठेवले आहे. ही पूर्ण तटबंदी नव्हे, याची ती प्रांजळ नोंद म्हणता येईल.

सॉफ्टवेअरची दुरुस्ती अपुरी का?

एएमडीने दोष आपल्या चिपमध्ये नसून लिनक्सने तिचे तंत्र ज्या पद्धतीने वापरले त्यात आहे, अशी भूमिका घेतली. कंपनीच्या प्रोसेसरमध्ये हायपरव्हायजरच्या इंटरप्ट घालण्यावर निर्बंध आणणारी सोय आधीपासून होती, पण लिनक्स ती वापरत नव्हते. वापरायची तर गेस्ट आणि हायपरव्हायजर दोन्हीकडे मोठे बदल हवेत. इंटेलच्या तंत्रात प्रोसेसरच्या अडचणींसाठी राखीव असलेले क्रमांक बाहेरून घालता येत नाहीत, पण १२८ हा राखीव क्रमांकांत मोडत नसल्याने तिथून वाट सापडली.

क्रमांकागणिक तपासणी घालत जाणे म्हणजे एकेक भोक बुजवत बसणे. त्यामुळे पुढची दिशा वेगळी आहे. एएमडीच्या ‘सिक्युअर एव्हिक’ या नव्या सोयीत इंटरप्ट चिपची नोंदवही गेस्टच्या कुलूपबंद मेमरीत जाते आणि बाहेरून कोणते क्रमांक स्वीकारायचे याची यादी गेस्ट स्वतः देतो. यादीबाहेरचा क्रमांक हायपरव्हायजरने पाठवला तरी प्रोसेसर तो आत सोडत नाही. १९८१ पासून चालत आलेले ‘संकेत आला म्हणजे खराच’ हे गृहीतक इथे सोडून दिले आहे.

तरीही एक मर्यादा राहते. हायपरव्हायजर खोटा निरोप देऊ शकला नाही तरी खरा निरोप दाबून ठेवू शकतो. आभासी मशीन कधी चालवायची आणि कधी थांबवायची हे त्याच्याच हातात असते. सेवा बंद पाडण्यापासून संरक्षण देण्याचा दावा ही तंत्रे करतही नाहीत. माहिती फुटू नये आणि बदलली जाऊ नये, एवढेच त्यांचे वचन आहे.

भारतातल्या ग्राहकांचा याच्याशी संबंध काय?

मायक्रोसॉफ्टचे पुण्यातले क्लाऊड केंद्र २०१५ मध्ये, ॲमेझॉनचे मुंबईतले २०१६ मध्ये आणि गुगलचे मुंबईतले २०१७ मध्ये सुरू झाले. माहिती देशातच राहील याची सोय त्यामुळे झाली. पण माहिती कोणत्या शहरात आहे आणि ती कोणाच्या सॉफ्टवेअरच्या भरवशावर आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ नुसार, माहिती गोळा करणाऱ्या संस्थेने तिच्यावरची प्रक्रिया दुसऱ्या कंपनीकडे सोपवली तरी जबाबदारी मूळ संस्थेचीच राहते. वाजवी सुरक्षा उपाय योजण्यात कसूर झाली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. त्यामुळे ‘मेमरी कूटबद्ध आहे’ एवढ्या आश्वासनावर थांबणे संस्थांना परवडणारे नाही. आपल्या मशीनमधला कर्नेल डिसेंबर २०२३ नंतरच्या दुरुस्त्या असलेला आहे का, ३२ बिटची सोय विनाकारण चालू तर नाही ना, आणि मशीन सुरू होताना आत ठरलेलेच सॉफ्टवेअर आहे याचा प्रोसेसरने दिलेला पुरावा तपासला जातो का, हे प्रश्न त्यांनी विचारायला हवेत.

यातला पहिला मुद्दा सहज निसटणारा आहे. २०१४ मधली दुरुस्ती हायपरव्हायजरमध्ये होती आणि ती करणे क्लाऊड कंपन्यांचे काम होते. ग्राहकाला फक्त मशीन बंद-चालू होण्याची वाट पाहायची होती. २०२४ मधली दुरुस्ती गेस्टमध्ये, म्हणजे ग्राहकाच्या स्वतःच्या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये आहे. हायपरव्हायजरवर विश्वास ठेवायचा नाही असे एकदा ठरवले की त्याच्यापासून बचावाची दुरुस्ती त्याच्याकडून करून घेता येत नाही. कॉन्फिडेन्शियल कम्प्युटिंगचे भाडे भरूनही जुना कर्नेल चालवणाऱ्या ग्राहकाचा इंटरकॉम अजून वॉचमनच्याच हातात आहे.